फाटका नकाशा

“ताई, ह्यो नकाशा फाटलाय की.”

वेसाव्याच्या तांडेलमामांनी माझा फोन आधी लांब धरला, मग नाकाजवळ आणला, परत लांब धरला आणि निदान करून टाकलं. सप्टेंबरचे दिवस. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, बोटी सुटलेल्या, आकाश मात्र अजून आषाढातलंच. मामा म्हणजे आमच्या मासळीवाल्या मावशीचे भाऊ. मी नकाशांच्या कंपनीत काम करते हे मावशीला कळल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, आमच्या दादाला एकदा दर्याचा नकाशा दाखव. म्हणून त्या रविवारी कोळीवाड्यात गेले होते. ओली जाळी, डिझेल आणि सुका जवळा यांचा मिळून जो एक वास होतो, तो ओट्यावर बसल्या बसल्या कपड्यांत शिरत होता. मामांना दाखवलेल्या नकाशात डहाणूपासून रत्नागिरीपर्यंतचा समुद्र होता, त्या पहाटे उपग्रहाने मोजलेल्या तापमानाप्रमाणे रंगवलेला. म्हणजे जिथे मोजता आलं तिथे रंगवलेला. बाकी पांढरी भोकं. सगळ्यात मोठं भोक बरोब्बर मुंबईसमोर.

“इथं पानी नाय काय?”

“ढग आहेत, मामा. ढगाखालचं त्याला दिसत नाही.”

“मंग शिवून द्यायचं ना. जालं फाटलं तर आमी काय तसंच टाकतो?”

मावशी बांगडे साफ करता करता हसली. म्हणाली, “ती हापिसात बसून दर्या बघते, तिला काय विचारतोस!” आम्ही सगळेच हसलो, चहा झाला, मामा जाळ्याकडे वळले. पण घरी येताना रिक्षात ते ‘शिवून द्यायचं’ डोक्यातून जाईना. कारण शिवलेला नकाशा माझ्याकडे होता. त्याच फोनमध्ये, शेजारच्या टॅबमध्ये. एकही भोक नसलेला, काठापर्यंत गुळगुळीत रंगवलेला, दिसायला कितीतरी देखणा. तो मी दाखवला नव्हता, आणि का दाखवला नाही हे मामांना सांगायला सरळ एक वाक्य मला सुचत नव्हतं.

उपग्रह समुद्राचं तापमान मोजतो म्हणजे वरून कोणी थर्मामीटर सोडत नाही. पाणी त्याच्या उष्णतेप्रमाणे अवरक्त किरण सोडत असतं, ते सात-आठशे किलोमीटरवरून टिपायचे आणि हिशेब मांडायचा. हे किरण येतात ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून. मिलिमीटरचा शंभरावा, फार तर पन्नासावा भाग एवढीच त्याची जाडी. त्याच्याखाली चार बोटांवर पाणी कसं आहे ते आपण तर्काने म्हणायचं. आणि मध्ये ढग आला की खेळ खलास. उपग्रहाला ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकतात आणि तिथे भोक उरतं. ढगांतून पार पाहू शकणारेही उपग्रह आहेत, सूक्ष्मलहरींवर चालणारे. जपानने २०१२ साली सोडलेला एक त्यातलाच. पण त्याची नजर जाडीभरडी, आणि किनाऱ्याजवळ जमिनीकडून येणाऱ्या लहरी त्याच्या मापात मिसळतात, म्हणून किनाऱ्यालगतचा चांगला रुंद पट्टा त्याला सोडूनच द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर मुंबईकराची पंचाईत ही अशी: ज्याला बारीक दिसतं त्याच्या आड ढग येतो, आणि ज्याला ढगाआडचं दिसतं त्याला मुंबई झेपत नाही.

मग शिवणकाम सुरू होतं. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा एक संच आहे. सप्टेंबर १९८१ पासून आजपर्यंत रोज एक नकाशा, जगभरच्या समुद्रांचा, भोक म्हणून नाही. उपग्रह, जहाजं, समुद्रात सोडलेले तरंगते बोये, मिळतील ती सगळी मापं घ्यायची. जिथे काहीच मिळालं नाही तिथे आजूबाजूचं आणि कालचं बघून भरायचं. चौकट पाव अंशाची. पाव अंश म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची अख्खी मुंबई दीड चौकटीत आटोपते. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा दुसरा संच जून २००२ पासूनचा, अंशाच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे चौकट किलोमीटरभराची. तो पाहिला की वाटतं, वा, आता वरळी वेगळी आणि वेसावे वेगळं दिसणार. पण किलोमीटरची चौकट आखली म्हणजे किलोमीटरवर मोजलं असं थोडंच होतं? ढग आठवडाभर मांडी घालून बसला, तर त्या हजारो नाजूक चौकटींत भरलेलं असतं ते शेजारपाजाऱ्यांकडून उसनं आणलेलं. जाळं शिवलं की मासा अडतो की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं. नकाशा शिवल्यावर तशी परीक्षा घ्यायला सहसा कोणी जात नाही.

आणि नेमकी गोम कुठे आहे ते सांगते. हे संच बनवणारी माणसं लबाड नाहीत, उलट कमालीची प्रामाणिक आहेत. दोन्ही संचांत तापमानाच्या जोडीला आणखी एक थर असतो: या चौकटीतला आकडा किती चुकू शकतो याचा अंदाज. चौकटीगणिक वेगळा. जिथे ढगाने दिवसचे दिवस तळ ठोकलेला तिथे हा आकडा फुगतो, जिथे उपग्रहाने स्वच्छ पाहिलं तिथे उतरतो. म्हणजे शंका लिहून ठेवलेली असते, त्याच फाइलमध्ये, तापमानाच्या मांडीला मांडी लावून. पण फाइलवरून वेबवरचा नकाशा होताना तापमानाचा थर पुढे जातो आणि शंकेचा थर मागे राहतो. कोणी मुद्दाम करत नाही. मागतच नाही कोणी.

माझं पोट या धंद्यावर आहे, त्यामुळे त्यातली गंमतही मला ठाऊक आहे. वेबवरचा नकाशा म्हणजे एक ठरलेल्या रीतीचा प्रश्न. अमुक थर, अमुक चौकोन, अमुक तारीख, एवढ्या रुंदीचं चित्र पाठव. या रीतीची पहिली आवृत्ती २००० साली आली, आणि त्यानंतर जगातल्या कुठल्याही सर्व्हरला कुठल्याही माणसाने हाच प्रश्न त्याच भाषेत विचारावा आणि त्याने मुकाट्याने चित्र द्यावं, हा एक विलक्षण उदार शिरस्ता पडून गेला. नोआच्याच बॉब सायमन्सने लिहिलेली ईआरडीडॅप नावाची सोय याच्याही पुढची. तिथे दुव्यातच अक्षांश, रेखांश, तारीख, सगळं वाचता येईल असं लिहिलेलं असतं. मैत्रिणीला दुवा पाठवला तर ती त्यातली तारीख खोडून आपल्या वाढदिवसाची घालू शकते आणि त्या दिवशीचा अरबी समुद्र मागवू शकते. चित्र हवं तर चित्र, आकडे हवे तर आकडे. पैसे नाहीत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः हरखले होते, आणि अजूनही एखाद्या कंटाळवाण्या दुपारी माझ्या जन्मवर्षाचा मे महिना मागवून बघत बसते. काय मिळतं त्यातून? काही नाही. दीड चौकटीची मुंबई मिळते.

पण या उदारपणाच्या खाचाखोचा आहेत. प्रश्नात तारीख घातली नाही तर बहुतेक सर्व्हर ताजं चित्र देतात. तुम्ही सोमवारी पाहून ‘बघ, काय तापलाय’ म्हणून दुवा पाठवता, समोरचा शुक्रवारी उघडतो, त्याला दुसराच समुद्र दिसतो आणि तुम्ही उगाच घाबरट ठरता. नोआच्या त्या संचातही दुसऱ्या दिवशी येतो तो कच्चा नकाशा; पक्का दोनेक आठवड्यांनी येतो आणि कच्च्याची जागा घेतो. पुढे, या रीतीच्या १.३.० आवृत्तीत नेहमीच्या भौगोलिक पद्धतीपुरता अक्षांश-रेखांशांचा क्रम उलटा झाला. जुन्या सवयीने लिहिणारे अजून ठेचकाळतात. ऑफिसात नवा आलेला मुलगा एकदा कपाळाला हात लावून बसला होता, त्याचा मुंबईसमोरचा समुद्र गोठायला आला होता. मुंबईचा १९ आणि ७३ उलटा लिहिला की माणूस थेट नॉर्वेच्या उत्तरेला जाऊन पडतो. त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात ‘ताई, समुद्र ३०२ अंश आहे’ म्हणून हाक मारली होती. केल्विन. त्यातून २७३.१५ वजा केले की समुद्र पुन्हा माणसात येतो.

रंगांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून वर सरकत होतं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्र फिरत होतं, सबंध अरबी समुद्र रक्तासारखा लाल. खाली ‘समुद्र पेटलाय’. समुद्र गरम होताच, तिशीच्या वर गेला होता. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात, त्या मानाने इंधनाची रेलचेल. पण तो लाल रंग समुद्राने ठरवला नव्हता. चित्राला रंगपट्टी नव्हती, म्हणजे लाल म्हणजे तीस की बत्तीस की अठ्ठावीस हे कळायला मार्गच नव्हता. अनेक नकाशे आपल्याआपण ताणून घेतात. समोर दिसणाऱ्या तुकड्यात सगळ्यात गार पाणी २८.२ आणि सगळ्यात ऊन २९.६ असेल, तर पहिलं गर्द निळं आणि दुसरं लाल. मध्ये दीड अंशही नाही. इंद्रधनुष्याच्या रंगांत तर आणखी एक खोट आहे. हिरवा संपून पिवळा सुरू होतो तिथे डोळ्याला कडक रेघ दिसते. पाण्यात तिथे काहीच बदललेलं नसतं, तापमान सावकाश चढत असतं, पण डोळा म्हणतो, ही सीमा. आणि मच्छीमाराला सीमाच तर हवी असते. गार आणि ऊन पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे अन्न वर येतं, त्यावर बारीक मासा, त्यामागे मोठा. रंगाने काढलेल्या खोट्या सीमेवर कोणी डिझेल जाळत गेला तर ते पैसे कोण देणार?

आणि तौक्तेचंच पुढचं. वादळ जिथून जातं तिथे खालचं पाणी ढवळून वर येतं, मागे गार पाण्याची वाट राहते, आजूबाजूपेक्षा दोन-तीन अंशांनीसुद्धा गार. त्यावर ढग असेपर्यंत अवरक्त उपग्रहाला ती दिसत नाही. म्हणजे समुद्रात नवीन काही घडत असतं तेव्हाच वर पांढरं भोक असतं, आणि ते भोक कालच्या अंदाजाने बुजवलं की ताजी बातमीच बुजते. मामांसाठीचं वाक्य मला इथे कुठेतरी सापडलं असतं. पण ओट्यावर बसून ‘अंदाज’ म्हणायला गेले असते तर मामांनी विचारलं असतं, मग तुमच्या हापिसात दुसरं काय करता? त्यालाही उत्तर नव्हतंच.

मोजमाप पूर्वी तरी शुद्ध होतं का? तेही नाही. जहाजावरून दोरीने बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, वहीत लिहायचं. एकोणिसाव्या शतकापासूनच्या नोंदी अशाच आहेत. १८५३ साली ब्रसेल्सला दर्यावर्दी देशांची परिषद भरली ती सगळ्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात म्हणून. पण बादली कॅनव्हासची असली की वर येईतो वाऱ्याने पाणी सुकत सुकत गार व्हायचं, म्हणून ते आकडे जरा कमीच. पुढे इंजिनाला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहायला लागले, ते जरा जास्त. शास्त्रज्ञ अजून त्या बादल्यांचा हिशेब दुरुस्त करत बसलेत. मला त्या वह्यांचं एक आवडतं: ज्या तासाला बादली सोडली नाही त्या तासाची ओळ कोरी असते. वादळात कोण बादली सोडणार?

गंमत म्हणजे मुंबईच्या माणसाचा आणि समुद्राच्या पाण्याचा प्रत्यक्ष संबंध फार थोडा. आपण समुद्र बघतो. मरीन ड्राइव्हला त्याच्याकडे तोंड करून बसतो, वरळीला त्याचा वारा खातो, गाडीतून दिसला की पोरांना दाखवतो. कोळीवाडे सोडले तर कमरेइतक्या पाण्यात शहर उतरतं ते वर्षातून एकदा, गणपतीला. गिरगावात आजोळ असल्यामुळे लहानपणी मामाच्या खांद्यावरून ते विसर्जन पाहिलंय आणि मोठेपणी स्वतः उतरलेय. पायाखालची वाळू सरकते, गुलाल आणि निर्माल्य मांडीला चिकटतं, आणि पाणी आश्चर्य वाटावं इतकं कोमट असतं, वरच्या पावसापेक्षा कितीतरी ऊन. (२०१३ साली इथेच पाकटांनी विसर्जनाला आलेल्या कित्येकांना नांगी मारली होती. ज्यांना लागली त्यांचं तापमानाकडे लक्ष गेलं नसणार.) तर शहराने समुद्राला हात लावायचे दिवस हे भाद्रपदातले, आणि उपग्रहाला आंधळं करणारे दिवसही तेच. त्या आठवड्यात मुंबईच्या पाण्याचं तापमान उपग्रहापेक्षा गिरगाव चौपाटीवरच्या माणसांना जास्त ठाऊक असतं. आकडा विचारला तर मात्र एकालाही सांगता येणार नाही.

आणि हे सगळं कोणाच्या उपयोगाचं? हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून संभाव्य मासेमारी क्षेत्रं सांगते, मराठीतसुद्धा. अमुक बंदरापासून अमुक दिशा, इतके किलोमीटर, इतकी खोली. ढग फार असले की सल्ला नसतो. नाही तर नाही, भरून देत नाहीत. याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण हा सल्ला कामाचा तो मुख्यतः बांगडा, तारली, सुरमई, कुपा असल्या वरच्या पाण्यात फिरणाऱ्या मासळीसाठी. मामांचे निम्मे भाऊबंद डोलीवर आहेत. डोल म्हणजे एका जागी खुंटांना बांधलेलं जाळं, भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जातं, त्याबरोबर बोंबील येतो. त्यांना कशाला हवं तापमान? त्यांना तिथी हवी, उधाण आणि भांग हवा, म्हणजे मोठी भरती कधी आणि लहान कधी. आणि सल्ला खुला म्हणजे सगळ्यांनाच खुला. जागा सगळ्यांना एकाच वेळी कळली की तिथे आधी पोचतो मोठ्या इंजिनाचा. मी खुल्या माहितीच्या बाजूची आहे, वर्षानुवर्षं त्यावर तावातावाने बोलत आलेय. पण ‘सगळ्यांसाठी मोफत’ हे शब्द वेसाव्याच्या धक्क्यावर उभं राहून म्हणताना जीभ थोडी अडखळते. म्हणून माहिती बंद करावी असं मात्र मला वाटत नाही. बंद केली तर मोठ्या इंजिनवाला विकत घेईल, मामा घेणार नाहीत.

शेवटी मावशीच्या मुलासाठी एक साधं पान करून दिलं. फोनवर उघडणारं, मुंबईसमोरचा समुद्र दाखवणारं. भोकं ठेवली. भोकावर बोट ठेवलं तर शिवलेल्या नकाशातला आकडा दिसतो, आणि त्याच्यापुढे तो किती चुकू शकतो याचा अंदाजही: २८.९, अर्धा अंश इकडे किंवा तिकडे. मामांना ते पसंत पडलं म्हणण्यापेक्षा त्यांनी चालवून घेतलं. रंगपट्टी पक्की बांधली, वीस ते बत्तीस, ताणाताणी नाही. त्यामुळे मे महिन्यात सगळा समुद्र जवळजवळ एकाच रंगाचा दिसतो आणि पोरगा कुरकुरतो की यात बघायला काहीच नाही. त्याला म्हटलं, मे महिन्यात खरंच फारसं नसतं.

पण पुढे पाठवताना लोक स्क्रीनशॉट घेतात आणि कडा कापतात. रंगपट्टी जाते, तारीख जाते, उरतं नुसतं रंगीत पाणी. कोळीवाड्याच्या ग्रुपवर गेल्या महिन्यातलं चित्र ‘आजचं’ म्हणून आलं तेव्हा मी तारीख उचलली आणि सरळ समुद्राच्या मध्यावर छापली, मोठ्या अक्षरांत, कापायचीच तर समुद्रासकट कापा. दुसऱ्याच दिवशी मावशीच्या मुलाचा मेसेज: ताई, ती तारीख नेमकी आमच्या जाग्यावर येते, खालचं काही दिसत नाही. बरोबर होतं त्याचं. मग ती पश्चिमेला सरकवली, किनाऱ्यापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर. आता ती मुंबई हायवर बसते. तिथे तेलाच्या प्लॅटफॉर्मांपासून पाचशे मीटरच्या आत जायला तशीही बंदी आहे. बाकीच्या जागेबद्दल कोणाची तक्रार आली तर बघू.